बारा मिलिमीटरची फळी

मी पाय करते. कुणी धंदा विचारला की मी एवढंच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघत बसते. काहींना वाटतं मी टेबलखुर्च्यांचे पाय करते. एका बाईंनी तर मला त्यांच्या पलंगाचा डुगडुगणारा पाय बघायला घरी बोलावलं होतं. नाही हो, माणसांचे करते. ज्यांचे गेले त्यांचे. सव्वीस वर्षं झाली. प्लास्टरने हात कायमचे खरखरीत झालेत आणि स्वभावही तसाच झालाय असं माझा दादा म्हणतो. म्हणू दे. गोड बोलून कुणाचा पाय होत नाही.

आमच्या कार्यशाळेत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो असायचा. नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा, सहा वर्षांपूर्वीचा. पाहुणे टाळ्या वाजवतायत आणि मधोमध एक माणूस हसत हसत पहिलं पाऊल टाकतोय. हा रंगारी. घरं रंगवायचा. उंच परांचीवरून पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याचा पाय मी केला होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आमचे साहेब, कार्यशाळेचे प्रमुख, तो फोटो दाखवायचे आणि मग माझ्याकडे बोट करायचे. मी आपली मान खाली घालून कानशीने घासत राहायचे, पण मनात फुगायचे. खोटं कशाला बोलू?

तर मंगळवारी सकाळी रंगारी आला. पंजाचं रबर झिजलं होतं, ते बदलून हवं होतं.

"काय रंगारीबुवा, किती वर्षांनी आठवण झाली आमची?" मी म्हटलं.

"तुमच्यापर्यंत यायला पाय लागतो ना बाई," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग स्टुलावर टेकला आणि पँट वर करत सहज बोलावं तसं म्हणाला, "या महिन्याअखेर शिडी सोडतोय. मेहुण्याच्या दुकानात रंग कालवत बसणार."

"का हो? बरं चाललं होतं की."

"कुठलं बरं! दुपारनंतर कंबर उभं राहू देत नाही. मागच्या आठवड्यात छताला हात घातला आणि शिडीवरच लटपटलो. खालच्या माणसाने धरलं म्हणून वाचलो. पुन्हा पडलो तर घरच्यांनी काय करायचं?" त्याने पाय काढून माझ्या हातात दिला. "दोष माझाच आहे. तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं, व्यायाम कमी पडतोय म्हणून. केला हो मी. रोज केला. पण माझा व्यायामच पुचाट असणार. बायको बिचारी सहा वर्षं मागून ओरडतेय, खांदा वर, खांदा वर. आता तीही दमली."

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि पाय घेऊन आत बाकावर गेले.

पंजा उलटा केला. टाच नुसती झिजली नव्हती. ठोकून ठोकून चपटी केल्यासारखी झाली होती. हे कशाने होतं ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. पाय आखूड असला की माणूस त्याच्यावर पाऊल टाकत नाही, पडतो. प्रत्येक पावलाला थोडा थोडा पडतो. त्या बाजूचा खांदा खाली जातो, कंबर वाकडी होते, आणि शेवटी पाठ जाब विचारायला लागते.

मी कपाटातून त्याचं कार्ड काढलं. आमची रीत सांगते, म्हणजे कळेल. पाय तयार होत आला की माणसाला तो घालून उभं करायचं, मागे बसायचं आणि दोन्ही हात त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवायचे. एक हात खाली राहिला तर त्या पायाखाली प्लायवूडची फळी सरकवायची. तीन मिलिमीटरची, सहाची, बाराची. हात सारखे झाले की जेवढी फळी लागली तेवढी पायातली नळी लांब करायची. फळी काढून टाकायची, पुन्हा उभं करायचं, पुन्हा हात ठेवायचे. मग कार्डावर शेवटच्या चौकटीत खूण. झालं.

रंगाऱ्याच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: फळी, बारा. खाली नळीची लांबी होती. मी बाकावर नळी मोजली. फळी लावायच्या आधीची जी लांबी, तीच. बारा मिलिमीटर मी कधी वाढवलेच नव्हते. आणि शेवटची चौकट कोरी.

सगळं आठवलं. उद्घाटनाच्या त्या सकाळी मांडवाचं काम चाललं होतं. साहेब दर पाच मिनिटांनी आत यायचे, झालं का, झालं का, पाहुणे निघालेत. मी रंगाऱ्याला फळीवर उभं केलं, कंबर बरोबर आली, आकडा लिहिला, आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. परत आले तेव्हा डोक्यात बसलं होतं की नळी झाली. कंबर सरळ आलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती ना. फळीवरची होती ती, हे विसरले. पुन्हा तपासायला वेळ कुणाला होता? त्याला तसंच टाळ्यांमध्ये ढकललं.

एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण हा माणूस नंतर दोनदा माझ्याकडे आला होता. तीन महिन्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा. "बाई, लंगडतोय." मी त्याला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं, हाताची घडी घातली आणि म्हटलं, "तुमचा व्यायाम कमी पडतोय." कमरेला हातसुद्धा लावला नाही. का लावू? पाय माझा होता. फोटोतला होता. मग कमी पडला असणार तो माणूसच.

मी बाहेर आले. तो भिंतीवरचा कुठलातरी पोपडा नखाने खरवडून बघत होता. "वेळ लागेल," एवढंच बोलले. "गुरुवारी या. तोवर कुबड्या घेऊन जा." तो बरं म्हणाला, वर त्याने माझे आभारही मानले. ते आभार मला दिवसभर टोचत राहिले.

संध्याकाळी दादाला सांगितलं. माझा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आयुष्यभर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, म्हणजे वर्ग एकट्या माझ्यावर घेतो. आम्ही दोघंच राहतो. तो भाजी चिरत होता. सगळं ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली, चष्मा पुसला. हे केलं की तो बोलणार हे ठरलेलं.

"छोटे, पाय दुरुस्त होईल?"

"एक तासाचं काम. नळी बदलायची."

"मग तो सरळ चालेल?"

"महिनाभर कंबर कुरकुरेल. मग चालेल. पाठीचं सगळं जाईल असं नाही सांगता येत, पण शिडी सोडायला लागू नये."

"मग कर दुरुस्त आणि गप्प बस."

"असं कसं गप्प बस?"

"ऐक. माणसांचं भलं होतं ते चांगलं, वाटोळं होतं ते वाईट. यापलीकडे चांगलं-वाईट नावाची वस्तू आभाळात टांगलेली नाही. तीस वर्षं पोरांना हेच समजावलं. पाय नीट केलास, त्याचं भलं झालं. आता सांगितलंस तर त्यात कशाची भर पडते ते मला दाखव. तो संतापणार. सहा वर्षं फुकट गेली म्हणून रोज जळणार. आजवर तुझ्यावर विश्वास होता, तो जाणार. उद्या त्याला स्वतःच्या पायावर भरवसा राहील का? कोणाचं काय बरं झालं यात?"

"खरं सांगायला नको?"

"कोणासाठी? बोल ना. तुझ्यासाठी. तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून ते त्याच्या दुखऱ्या कमरेवर टाकायचं. याला मी तरी नीती म्हणणार नाही."

मला असा राग आला! राग यासाठी की ओझं माझंच होतं हे खोटं नव्हतं. ते उतरावं असं मला वाटत होतंच. मी ताटं अशी आपटली की दादा म्हणाला, "ताटांनी काय केलंय?"

जेवताना दोन घास झाल्यावर मला उत्तर सापडलं. सापडलं म्हणजे काय, रंगाऱ्याचंच बोलणं कानात वाजलं. 'माझा व्यायामच पुचाट असणार.'

"दादा, ते वाक्य माझं आहे," मी म्हटलं.

"कुठलं वाक्य?"

"तो कमी पडला, हे. मी दिलंय त्याला. पाय आखूड दिला आणि वर हे दिलं. नळी बदलली की पाय नीट होईल, वाक्य नाही होणार. उद्या तो सरळ चालायला लागला तर काय म्हणेल माहितेय? बाईंनी नवा पाय छान केला. आणि जुना? जुन्याला मीच आळशी होतो. मरेपर्यंत म्हणत राहील. घरातही सगळे म्हणत राहतील. तू सारखा भलं भलं करतोस, यात त्याचं भलं कुठे आहे? शिडीवर चढला म्हणजे झालं भलं? स्वतःला नालायक समजत चढला तरी?"

"तो समजतो का नालायक? तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. मी त्याचं तोंड पाहिलंय. तू नाही."

मग मी विचारलं, "तुझ्या बाबतीत असं झालं असतं, तर तुला कळायला हवं होतं की नको?"

"नको," तो ताडकन म्हणाला. पायात चपला घातल्या आणि फिरायला गेला. अर्ध्या तासाने दारात परत आला आणि चपला काढता काढताच बोलला, "हवं होतं. पण त्याने तुझा मुद्दा सिद्ध होत नाही."

"नको होऊ दे," मी म्हटलं. माझं ठरलं होतं.

बुधवारी साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. सांगितल्यावर आधी त्यांचा चेहरा उतरला, मग ते नळी कधी बदलता हे विचारायला लागले, आणि मग हळूच म्हणाले, "कार्डावर लिहा ना, पंजा बदलला, उंची जुळवून घेतली. तेही खरंच आहे की. त्याचं नुकसान नाही, आपलं नुकसान नाही. उगाच कशाला राळ उडवायची? तो फोटो बघून लोक धीर धरतात हो. त्याचाही विचार करा."

"लिहिलंय मी," मी म्हटलं.

"काय लिहिलंय?"

मी कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. शाईने लिहिलं होतं, पेन्सिलीने नाही. नळीत फळीची उंची धरली नाही. शेवटची तपासणी केली नाही. पेशंट दोनदा तक्रार घेऊन आला तेव्हा न तपासता परत पाठवला. खाली सही, तारीख. येतानाच लिहून आणलं होतं. मला माझा स्वभाव ठाऊक आहे. खोलीत शिरून बोलत बसले असते तर साहेबांच्या चांगुलपणाने विरघळले असते.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "तुमच्या हाताखालच्यांसमोर तुमचं काय राहील?"

"जेवढं राहायचं तेवढं राहील. उद्या तुम्ही मला त्यांच्या हाताखाली घाला. पण मी सांगणार."

त्यांनी कार्ड परत दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

मग एक वेगळीच पंचाईत झाली. सांगायचं केव्हा? दादाचा आता सल्ला होता, सांगायचंच तर नवी नळी घाल, त्याला चालव, तो खूश झाला की मग सांग, माफ करून टाकेल. मी बराच वेळ यावर विचार केला आणि मला ते लबाडीचं वाटलं. आनंदात पकडून माफी काढून घ्यायची? मग दुसरा विचार केला, आधीच सांगावं, पाय बाकावर आहे तेव्हा. पण तेही बरोबर नव्हतं. पाय माझ्या हातात आणि तो स्टुलावर एका पायाचा. राग आला तरी उठून जाणार कसा? शेवटी मी असं केलं. नवा पंजा बसवला, पण जुन्याच उंचीवर. बारा मिलिमीटर लांब नळी कापून, घासून बाकावर तयार ठेवली. त्याला पाय घालून द्यायचा, तो उभा राहिला की सांगायचं. म्हणजे जायचं तर त्याला जाता यावं.

गुरुवारी तो आला. पाय घातला, उभा राहिला. "वा, पंजा मऊ आहे," म्हणाला.

"रंगारीबुवा, मला काही सांगायचंय. उभ्यानेच ऐका."

आणि सांगितलं. एका दमात, काही न लपवता. फळी, नळी, पाहुणे, कोरी चौकट. दोनदा परत पाठवलं तेही.

त्याने विचारलं, "बारा मिलिमीटर म्हणजे केवढं?"

मी ड्रॉवरमधून फळी काढून दिली. त्याने ती बोटांच्या चिमटीत धरली, उलटीसुलटी केली. रंगाऱ्याची बोटं ती, जाडी लगेच कळते त्यांना.

"एवढंसं?"

"एवढंसं."

"मग व्यायाम?"

"व्यायाम पुरेसा होता. मी न बघता बोलले. तुम्ही कुठेही कमी पडला नव्हता." मला पुढचं म्हणायला जड गेलं, पण म्हटलं, "मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही. चूक माझी आहे एवढं तुमच्याकडे असू द्या. नवी नळी तयार आहे. आत्ता बसवते."

त्याची मान लाल झाली होती. "माझी पोरगी चौथीत होती," तो म्हणाला. "शाळेत पालकांची शर्यत होती. मी गेलो नाही. म्हटलं, ज्याला व्यायाम करायची अक्कल नाही त्याने शर्यतीत कशाला जावं?" मग त्याने फळी खिशात टाकली. "नळी नको."

"अहो, पण पाय..."

"हात लावू नका पायाला."

तो निघाला. डावा खांदा खाली, वर, खाली, वर. दारापर्यंत मी प्रत्येक पाऊल पाहिलं. नजर फिरवायची नाही असं ठरवलं होतं आणि नाही फिरवली. आखूड पायावरच गेला तो. नवी नळी बाकावर तशीच पडून राहिली.

म्हणजे दादाच्या हिशेबाने काय झालं? गप्प बसले असते तर माणूस सरळ चालत घरी गेला असता. मी खरं बोलले आणि तो लंगडतच गेला, वर जखम घेऊन. संध्याकाळी मी दादाला जसं घडलं तसं सांगितलं. वाटलं, आता हा मला बोलून बोलून भाजून काढणार. पण तो उठला आणि त्या दिवशीची सगळी भांडी त्याने घासली. आमच्या घरात असं यापूर्वी एकदाच झालंय, आई गेली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी रंगाऱ्याला पत्र टाकलं. त्यात दुसऱ्या एका कार्यशाळेचा पत्ता दिला, नळीचं बरोबर माप दिलं, आणि लिहिलं की माझ्याकडे येऊ नका, पण आखूड पायावर राहू नका, राग माझ्यावर काढा, कमरेवर नको. भिंतीवरचा फोटो काढून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. फोटोची जागा पांढरी राहिली. हाताखालच्या सगळ्यांना बोलावून ते कार्ड वाचून दाखवलं. कुणी माझ्याकडे बघेना. मग मी म्हटलं, "आजपासून शेवटची तपासणी पाय करणाऱ्याने करायची नाही, दुसऱ्याने करायची. माझ्या पायांचीसुद्धा. आणि पेशंट लंगडतोय म्हणाला की आधी कमरेला हात, मग तोंड." त्यावर एक जण हसला. त्याच्यावर मी इतकी ओरडले की नंतर चहा पाजावा लागला.

दिवस काही चांगले गेले नाहीत. माणसाने बरोबर केलं की त्याला हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. सकाळी उठले की पहिला विचार त्याच्या खांद्याचा यायचा. पण एक गोष्ट होती. पुन्हा तो गुरुवार आला असता तर मी पुन्हा तेच केलं असतं. यात तसूभर फरक पडला नाही.

अकराव्या दिवशी दारात रंगारी उभा. बरोबर बायको. उंच, काटक बाई, खांद्याला पिशवी, आणि माझ्याकडे बघण्याची नजर अशी की मी नकळत ओल्या प्लास्टरचे हात मागे घेतले.

"हिला सांगा," रंगारी म्हणाला.

"तुम्ही सांगितलं नाही?"

"मी सांगितलं तर म्हणेल, निमित्त शोधताय. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून."

बाई म्हणाल्या, "काय सांगायचंय? हे अकरा दिवस कोणाशी धड बोलत नाहीत. खिशात एक लाकडाचा तुकडा घेऊन हिंडतात. डोकं फिरवलंत काय तुम्ही यांचं?"

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा जड गेलं. कारण यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट पोचताना दिसत होती. व्यायामावर आले तेव्हा त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि आतून कॅलेंडरं काढली. सहा वर्षांची सहा, सुतळीने बांधलेली. त्या म्हणाल्या, "हे म्हणाले, बाईंना दाखवायचीत, घे बरोबर. मला वाटलं, तुम्ही मागितली असतील."

मी सुतळी सोडली. रोजच्या तारखेवर एक खूण होती. व्यायाम केला की निळी बरोबरची खूण, नाही केला की लाल फुली. खुणा करणारी बायको. पानामागून पान निळंच होतं. पहिल्या वर्षात सगळ्या मिळून सात फुल्या, पुढे तर महिनेच्या महिने एकही नाही. एका फुलीपुढे लिहिलं होतं, ताप. मला पुढे बघवेना.

"मी स्वतः खुणा केल्या," बाई म्हणाल्या. "रोज केल्या. आणि तरी मी यांना म्हणत होते की तुम्ही अंग चोरता. माझ्या भावांसमोर म्हणाले. पोरीसमोर म्हणाले." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मी तुम्हाला किती बोलले."

"बोललीस," रंगारी म्हणाला. रागाने नाही. मग म्हणाला, "मलाही तसंच वाटत होतं ना."

मला वाटलं, घाल आता दोन शिव्या बाई, घाल. पण त्यांनी मला शिवी दिली नाही. एकच विचारलं, "तुम्ही गप्प राहिला असता तर आम्हाला कधी कळलं असतं?"

"कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. कशासाठी हलवली ते मी विचारलं नाही.

रंगारी स्टुलावर बसला, पाय काढला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. आता करा." खिशातून फळी काढून बाकावर ठेवली. "आणि ही तुमची परत."

मी नवी नळी बसवली. प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला. त्याला उभं केलं, मागे बसले, कमरेच्या हाडांवर हात ठेवले. दोन्ही हात सारखे. फळी बाकावरच होती, हे मी मुद्दाम वळून बघितलं. मग शेजारच्या खोलीतून एकाला बोलावलं, त्यालाही हात ठेवायला लावले. सारखे, तो म्हणाला.

"चाला."

बाहेर लांब बोळ आहे. तो निघाला आणि बायको सवयीने त्याच्या मागोमाग निघाली, दोन पावलं अंतर ठेवून, सहा वर्षं चालत आली असेल तशी. पहिली चार पावलं तो बिचकला. जमीन वेळेआधीच पायाला लागते असं म्हणाला. मग चाल लागली. त्या बाईंनी मान वर केली, तोंड उघडलं आणि नेहमीची हाक सुरू केली.

"खां..."

आणि थांबल्या. खांदा खाली गेलाच नव्हता. पुढच्या पावलालाही गेला नाही. त्या तोंड तसंच उघडं ठेवून बघत राहिल्या आणि मग भिंतीला हात टेकून मोठ्याने रडायला लागल्या.

रंगारी बोळाच्या टोकाला पोचला होता. त्याने वळून पाहिलं. "रडतेस काय? ओरड की!" तो म्हणाला, आणि तसाच सरळ तिच्याकडे चालत आला.

माझ्याशी तो जाताना काही बोलला नाही. माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायला मी जाणार नाही. मी आत आले, त्याचं कार्ड काढलं आणि त्या शेवटच्या चौकटीत खूण केली.